फोटो चांगले आहेत, मग चौकशी पुढे का सरकत नाही?

तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडच्या कार्यालयांत पुन्हा दिवे लागतात. चातुर्मास संपलेला असतो, पंचांगात मुहूर्त सुरू होतात आणि सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंतचे फोटोग्राफर फोनकडे डोळे लावून बसतात. अशाच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या घरी आला. मी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवते. बारावीनंतर याने कॅमेरा हातात घेतला आणि आता त्याला सात-आठ वर्षं झाली. त्याने मोबाईल माझ्यापुढे केला.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सगळ्या चौकशांचा साचा एकच होता. समोरून प्रश्न, 'लग्नाचे चार्जेस काय?' याच्याकडून एक पीडीएफ, त्यात सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं. मग दोन निळ्या टिका, आणि पुढे काहीच नाही.

'मॅडम, फोटोत काय कमी हाय तेवढं सांगा की,' तो म्हणाला.

मी फोटो पाहिले. मुलीची पाठवणी, मंगलाष्टका संपताना अंतरपाट खाली येतो तो क्षण, जेवणाच्या पंगतीत हसणारे आजोबा. फोटोंत काहीही कमी नव्हतं. म्हणूनच हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. कामात खोट नसताना काम मिळत नसेल, तर अडचण दुसरीकडे असते.

हळकुंड मोडून बघता येतं, लग्न नाही

सांगलीत हळदीचा सौदा पाहिला असेल तर खरेदीदार काय करतो ते आठवा. पोत्यातलं हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच भाव बोलतो. विकणाऱ्यापुढे आणि घेणाऱ्यापुढे तोच माल उघडा असतो.

लग्नाच्या फोटोंचं उलटं आहे. बयाणा देताना माल तयारच नसतो. तो तयार होईपर्यंत लग्न होऊन गेलेलं असतं. फोटो बिघडले म्हणून कुणी पुन्हा अक्षता टाकत नाही. त्यातून बहुतेक घरं ही खरेदी आयुष्यात दोन-तीनदाच करतात, त्यामुळे मागचा अनुभवही हाताशी नसतो.

अर्थशास्त्रात या अडचणीला 'माहितीची विषमता' म्हणतात. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन ही गोष्ट मांडली आणि पुढे २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. चांगली गाडी कोणती आणि बिघडलेली कोणती हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो दोन्हींना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही, तो बाजूला होतो. बाजारात बिघडलेल्या गाड्या जास्त उरतात, म्हणून भाव आणखी उतरतो. असं होत होत चांगला माल बाजारातूनच निघून जातो.

आता गाडीच्या जागी लग्नाची ऑर्डर ठेवा. दोन फोटोग्राफरांच्या कामातला फरक घरच्यांना सांगता येत नाही, तेव्हा तुलनेसाठी त्यांच्याजवळ एकच माप उरतं: रक्कम. 'अमका पंचवीस हजारात करतो' हे वाक्य कंजूषपणातून येतं असं फोटोग्राफरांना वाटतं. मला ते तसं वाटत नाही. दुसरं मापच हातात दिलेलं नसल्यामुळे ते वाक्य येतं. आणि त्या भावाला कंटाळून सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या किती चांगल्या हातांनी कॅमेरा ठेवून दुसरा धंदा धरला, हे या व्यवसायातल्या माणसांना मी सांगायला नको.

मार्केटिंग हा शब्द मी इथे एवढ्याच अर्थाने वापरणार आहे: घेणाऱ्याला जे दिसत नाही ते त्याला आधी दाखवणं. ढोल वाजवणं हा त्याचा अर्थ नाही.

एका फोनमागे तीन माणसं

'चार्जेस काय?' असं विचारणारा हात एक असतो, पण त्या फोनभोवती निदान तिघं बसलेली असतात. तिघांची भीती वेगवेगळी असते.

मुलगी किंवा मुलगा इन्स्टाग्रामवर फोटो बघून आलेला असतो. आपण स्वतःसारखे दिसू ना, उगाच गोरे केलेले नाही ना, मैत्रिणींत टाकण्यासारखं काही मिळेल ना, एवढं त्याला हवं असतं. या माणसाशी फोटोग्राफर बरोबर बोलतात, कारण दोघं एकाच वयाचे असतात.

वडील पैसे देणार असतात. त्यांना फुल फ्रेम कॅमेरा आणि ८५ एमएम लेन्स यातलं काही कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. त्यांच्या मनातले प्रश्न साधे असतात. हा माणूस त्या दिवशी खरंच येईल का? आजारी पडला तर कोण येणार? घरात सुतक पडलं आणि तारीख पुढे गेली तर बयाण्याचं काय? शेवटी ठरल्यापेक्षा जास्त मागणार नाही ना? वाळवा-पलूस भागात आणखी एक प्रश्न असतो: 'उसाचं बिल आलं की उरलेले दिले तर चालतील का?' हे प्रश्न ते तोंडाने विचारत नाहीत, कारण शुभकार्याआधी अशुभ बोलायला जीभ रेटत नाही. मग ते एवढंच म्हणतात, 'बघतो, कळवतो.'

आणि आई. मी स्वतः मुलीच्या लग्नात या जागी बसले होते, म्हणून सांगते. माझी काळजी फोटो सुंदर येण्याची नव्हती. मला काळजी होती ती आत्याबाईंचा फोटो राहण्याची. विट्याहून पहाटे निघून आलेल्या, गुडघे धरून स्टेजच्या पायऱ्या चढलेल्या माणसाचा अल्बममध्ये एकही फोटो नसला, तर त्याचं वाईट आयुष्यभर राहतं. दोन्हीकडची मोठी माणसं, मामा, वर्षभरात थकलेली एखादी आजी, हे सगळे फोटोत असणं हाच घरातल्या बायकांच्या लेखी अल्बम.

त्या पीडीएफमध्ये या तिघांपैकी कुणासाठीच काही नव्हतं. सिल्व्हर आणि गोल्डमधला फरक म्हणजे ड्रोन आणि अल्बमची शीट. वडिलांच्या आणि आईच्या प्रश्नांना त्यात एक ओळही नव्हती. ज्या फोटोग्राफरने 'घरातल्या कुणाकुणाचे फोटो राहून चालणार नाहीत, ती यादी मी आदल्या दिवशी तुमच्याकडून घेतो' असं नुसतं म्हटलं असतं, त्याला मी दोन हजार जास्त दिले असते.

'चार्जेस काय?' याला उत्तर काय द्यायचं

आम्ही दोघांनी मिळून त्याचं उत्तर नव्याने लिहिलं. ते साधारण असं झालं:

'नमस्कार, आणि घरातल्या सगळ्यांचं अभिनंदन. लग्न कोणत्या तारखेला आणि कोणत्या गावी आहे? तारीख कळली की ती माझ्याकडे मोकळी आहे का ते आजच सांगतो. हळद आणि लग्न मिळून दोन दिवसांचं काम माझ्याकडे अमुक रकमेपासून सुरू होतं. त्यात आम्ही दोघं फोटोला आणि एक जण व्हिडिओला असतो. चार दिवसांत पन्नास फोटो मोबाईलवर, पंचेचाळीस दिवसांत सगळे फोटो पेनड्राइव्हवर आणि तुम्ही फोटो निवडून दिल्यापासून दोन महिन्यांत अल्बम घरी येतो. माझ्या तब्येतीचं काही झालं तर कोण येणार, तारीख पुढे गेली तर काय, हे सगळं कागदावर लिहून देतो. आज संध्याकाळी सातनंतर पाच मिनिटं बोलता येईल का? घरातली मोठी माणसंही असली तर बरं.'

यात कलेचा एक शब्द नाही, हे त्याला आधी खटकलं. पण कला त्यांनी पाहिलेलीच असते, म्हणून तर फोन आलेला असतो. आता अडलेलं असतं ते भरवशापाशी.

शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. संभाषण पुढे कुठे जाणार ते त्यात सांगितलं आहे. पीडीएफ पाठवली की चेंडू समोरच्याच्या हातात जातो आणि लग्नघरात शंभर कामं असतात, तो चेंडू तिथेच पडून राहतो. वेळ मागितली की उत्तर द्यायला एक साधी गोष्ट उरते: हो, किंवा उद्या.

शब्दांचंही तसंच. 'कँडिड' म्हणजे कुणाला न थांबवता, नकळत टिपलेले फोटो. 'ट्रॅडिशनल' म्हणजे स्टेजवर उभं करून घेतलेले आणि प्रत्येक विधीचे सलग फोटो. हे एकदा घरच्या भाषेत सांगितलं की वडील स्वतःच म्हणतात, 'मग दोन्ही पाहिजेत की.' कॅमेऱ्याचं नाव सांगण्यापेक्षा 'कार्यालयात दिवे मंद असले तरी चेहरे काळे येणार नाहीत' असं सांगावं, आणि असाच एक फोटो दाखवावा.

'दर आधी सांगितला तर पार्टी पळते'

ही शंका मला प्रत्येकाकडून ऐकायला मिळते. ती थोडी खरी आहे. ज्याला दर झेपणार नाही तो पळतोच, पण तो भेटून, चहा पिऊन, दोन रविवार घालवूनही पळणारच होता. दर लपवल्याने तो गिऱ्हाईक होत नाही. उलट ज्याला झेपला असता, तो 'सांगत नाही म्हणजे फार असणार' असं समजून विचारायचं सोडतो. म्हणून पूर्ण दरपत्रक नाही सांगितलं तरी चालेल, पण कुठून सुरुवात होते तो आकडा सांगावा. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि या सेवेवर तो १८ टक्के आहे. असा कर लागत असेल तर रक्कम करासहित आहे की कराशिवाय, हेही त्याच ओळीत असावं. साठ हजार ऐकलेल्या माणसाला शेवटी सत्तर हजार आठशे द्यावे लागले, तर तो तुमच्याबद्दल गावात काय सांगेल याचा विचार करा.

आणि घासाघीस झालीच तर? त्यासाठी आधी स्वतःचा हिशोब स्वतःला ठाऊक हवा. आकडे समजण्यापुरते घेते. ६०,००० ची ऑर्डर, वर्षाला २५ ऑर्डरी. जोडीचा फोटोग्राफर ६,०००, व्हिडिओवाला ८,०००, ड्रोन ५,०००, अल्बमची छपाई १२,०००, प्रवास २,०००. ४ लाखांचं साहित्य पाच वर्षं चालतं असं धरलं तर वर्षाला ८०,०००, म्हणजे एका ऑर्डरीमागे ३,२००. स्टुडिओचं भाडं आणि वीज महिन्याला ८,०००, म्हणजे एका ऑर्डरीमागे ३,८४०. बेरीज ४०,०४०. उरले १९,९६०. लग्नाचे दोन दिवस आणि फोटो चाळणं, रंग सुधारणं, अल्बमची पानं जुळवणं याचे बारा दिवस धरले, तर चौदा दिवसांचे दिवसाला १,४२५ च्या आसपास पडतात. यातून दहा हजार सोडले की जवळजवळ निम्मी मजुरी गेली.

हा हिशोब गिऱ्हाइकाला ऐकवायचा नसतो. मात्र तो पाठ असला की बोलणं बदलतं. 'एवढ्यात परवडत नाही' असं कुरकुरत म्हणण्याऐवजी 'काका, ड्रोन काढू आणि अल्बम तीस पानांचा करू, म्हणजे तुमच्या रकमेत बसेल' असं म्हणता येतं. रक्कम कमी करायची तर कामही तेवढं कमी करावं. काम तेच ठेवून दर उतरवला, तर आधीचा आकडा फुगवलेला होता असाच अर्थ निघतो.

शोकेस, पाटी आणि काउंटर

जुन्या स्टुडिओंच्या दारात काचेचं शोकेस असायचं. त्यात गावातल्याच लोकांचे लग्नाचे फोटो, मुंजीचे फोटो, कुणाचं तरी गुटगुटीत बाळ. येणारा-जाणारा थांबून बघायचा, कारण चेहरे ओळखीचे असायचे. कोपऱ्यावर पाटी असायची, तिच्यामुळे दुकान सापडायचं. आत काउंटर, तिथे बोलणं व्हायचं. आज इन्स्टाग्राम हे शोकेस आहे, गुगलचा नकाशा ही पाटी आणि व्हॉट्सअ‍ॅप हे काउंटर. तिघांची कामं वेगळी आहेत, पण अनेकांची सगळी ताकद शोकेसवर खर्च होते आणि पाटी कोरीच असते.

पाटीपासून सुरू करू. गुगलवर आपल्या व्यवसायाची नोंद फुकट करता येते. कुणी 'सांगली वेडिंग फोटोग्राफर' असं शोधलं की कोणाला वर दाखवायचं हे गुगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवतं: शोध आणि व्यवसाय जुळतात का, अंतर किती, आणि व्यवसायाचा बोलबाला किती. अंतर तुमच्या हातात नाही. पहिलं हातात आहे: व्यवसायाचा प्रकार नेमका निवडा, वेळ, फोन, फोटो पूर्ण भरा. नावात मात्र 'सांगलीतील नंबर वन बेस्ट वेडिंग' वगैरे कोंबू नका. दारावरच्या पाटीवर जे नाव आहे तेच तिथे असावं असा गुगलचा नियम आहे आणि तो मोडला तर नोंद थांबवली जाऊ शकते.

तिसऱ्या गोष्टीत लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांचा मोठा वाटा असतो. सवलत किंवा भेट देऊन अभिप्राय लिहून घ्यायला गुगलची मनाई आहे, आणि तसे अभिप्राय वाचताना ओळखूही येतात. योग्य वेळ म्हणजे अल्बम हातात पडला तो आठवडा. 'रिव्ह्यू द्या' असं म्हणू नका. 'काकू, लग्नाच्या दिवशी आमच्या वागण्यात काय आवडलं, काय खटकलं, ते मराठीत दोन ओळी लिहाल का?' असं विचारा. 'छान सेवा' यापेक्षा 'पाऊस सुरू झाला तेव्हा यांनीच आजींना छत्रीत आणून फोटो घेतला' ही ओळ पुढच्या आईला हवं ते सांगून जाते.

आता शोकेस. आपल्याकडची प्री-वेडिंगची पानं उघडा: कास पठार, मेणवलीचा घाट, लिंबची बारा मोटेची विहीर, टेबललँड, कृष्णेवरचा आयर्विन पूल. ठिकाणं सुंदरच आहेत, त्याबद्दल वाद नाही. (कासला मात्र एका फोटोसाठी फुलांत बसणारी जोडपी पाहिली की पोटात तुटतं. हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, ती माती आणि ती फुलं पुन्हा तशी येतीलच असं नाही. पायवाटेवरून घेतलेला फोटोही तितकाच देखणा येतो.) पण तासगावच्या वडिलांना मुलीचं लग्न मेणवलीला लावायचं नाही. ते गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात आहे, तिथे वर पत्रा आहे, स्टेजवर जांभळे दिवे आहेत आणि दुपारी साडेबाराचा मुहूर्त आहे. त्या दिव्यांत तुम्ही चेहऱ्याचा रंग खरा कसा ठेवता, हे त्यांनी पाहिलेलंच नसतं.

म्हणून निवडक शंभर चौकटींच्या जोडीला एक अख्खं लग्न दाखवा: सकाळच्या हळदीपासून गृहप्रवेशापर्यंत साठ-सत्तर फोटो, ओळीने. निवडक फोटोंतून तुमचा सगळ्यांत चांगला क्षण दिसतो, पण दिवसभराचा हात कसा आहे ते अख्ख्या लग्नातूनच कळतं. हळकुंड मोडून दाखवण्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट हीच. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर टाचून ठेवता येतात. एक अख्खं साधं लग्न, एक घरच्यांचं बोलणं आणि एक 'तारीख ठरवल्यापासून अल्बमपर्यंत काय होतं' हे सांगणारी, अशा तीन मी ठेवेन. आणि खात्याच्या नावात स्टुडिओच्या नावापुढे 'सातारा' किंवा 'सांगली' हा शब्द घाला, कारण शोधताना ते नाव वाचलं जातं.

फॉलोअर्सची चिंता करू नका. वर्षाला पंचवीस-तीस ऑर्डरी हव्या असलेल्या माणसाला पुण्या-मुंबईचे वीस हजार अनोळखी लोक काय कामाचे? कोरेगाव, कराड, मिरजेतली तीनशे घरं पुरतात.

काउंटरसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरा. तेही फुकट आहे. त्यात प्रत्येक संभाषणाला खुणेची पट्टी लावता येते: चौकशी, बयाणा आला, निवड बाकी, अल्बम दिला. लग्नाच्या दिवशी फोन उचलता येत नाही, तेव्हा आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा: 'आज एका लग्नात आहे, रात्री नऊनंतर नक्की फोन करतो.' आणि करा. नमुने पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवले की ते दाबले जाऊन बारकावे जातात, आणि मग तुमच्या आणि पंचवीस हजारवाल्याच्या फोटोत खरोखरच फरक दिसत नाही.

'आमची कामं ओळखीवर येतात, हे सगळं कशाला?'

ओळखीवरच येतात आणि येत राहतील. पण ओळख सांगणाऱ्याच्या तोंडी वाक्य कोणतं असतं? 'पोरगा चांगला आहे' एवढंच असेल, तर ऐकणारा पुढचा प्रश्न दराचाच विचारतो. 'त्याने आमच्या म्हाताऱ्यांचे फोटो सगळ्यांत आधी घेतले, त्यांना ताटकळत ठेवलं नाही' असं वाक्य असेल, तर दराआधी फोन नंबर मागितला जातो. ते वाक्य तुमच्या वागण्यातून तयार होतं.

त्यातली एक लहान गोष्ट सांगते. लग्ननोंदणीच्या अर्जासोबत लग्नातला फोटो मागतात. न सांगता आठवड्याच्या आत दोन प्रिंट काढून घरी दिल्या, तर खर्च चहा-नाश्त्याएवढा आणि ते घर तुमचं नाव विसरत नाही.

दुसरी ओळख व्यवसायातली. मांडववाला, कार्यालयाचा व्यवस्थापक, केटरर, मेकअप करणारी ताई, मेंदीवाली. यांना कमिशन देण्याची पद्धत आहे, ती मला आवडत नाही, कारण शेवटी ते घरच्यांच्याच खिशातून जातं. त्याऐवजी पाहुणे यायच्या आधी रिकाम्या स्टेजचे, सजलेल्या ताटांचे, मेंदीच्या हातांचे पाच फोटो घ्या आणि त्याच रात्री त्यांना पाठवा. त्यांनाही आपलं काम दाखवायला फोटो हवे असतात आणि ते कुणी देत नाही. मेंदीचे हात नवरीचेच असतात, तेवढं मात्र तिला विचारून.

लग्नाचे फोटो पेजवर टाकायचे, पण ते कुणाचे?

'मी काढले म्हणजे माझे' असं बहुतेकांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. म्हणजे लग्नघराची. तेव्हा जाहिरातीसाठी फोटो वापरायचे तर बयाण्याच्या कागदावरच ती ओळ हवी: कोणते फोटो टाकले तर चालतील, कोणते नकोत, लहान मुलांचे चेहरे टाकायचे का, टाकण्याआधी दाखवायचे का.

ही परवानगी मागणं म्हणजे आणखी एक विश्वासाची खूणही आहे. 'तुमच्या मुलीचा फोटो तुम्हाला विचारल्याशिवाय कुठेही जाणार नाही' हे वाक्य ऐकून किती आयांचे खांदे सैल होतात ते पाहाच. ड्रोनचंही तेच. ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. तो तुमच्याकडे असेल तर तसं सांगा.

'मोबाईल आणि एआय आल्यावर आम्हाला कोण बोलावणार?'

सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या सेल्फीतून जुन्या काळच्या साडीतला फोटो बनवून देणारी लाट आली होती. तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलींचेही फोटो पाहिले, छान होते. पासपोर्ट फोटो आणि स्टुडिओतले पडद्यापुढचे फोटो यांतलं बरंचसं काम त्या वाटेने जाईल, हे मान्य करावंच लागेल.

पण एआयने बनवलेल्या फोटोत ती बाई त्या साडीत कधी नव्हतीच. लग्नाच्या फोटोचा अर्थच हा की हे घडलं, आणि त्या वेळी ही माणसं तिथे होती. मामा मुलीचा हात धरून मांडवात आणतो तेव्हा त्याचे डोळे कसे झाले, हे सांगायला कुणीतरी तिथे उभं असावं लागतं. मोबाईल घेऊन दोनशे पाहुणे उभे असतात हे खरं. पण ते नवरा-नवरीकडे बघत असतात, आणि दाराशी एकटे उभे असलेले वडील त्यांच्या पाठीमागे असतात. गिऱ्हाइकाशी बोलताना हे सांगा. नमुन्यांत मात्र एआयने बनवलेला एकही फोटो ठेवू नका. एक सापडला तर बाकीचे खरे फोटोही खोटे वाटू लागतात.

अल्बम कुठे अडकतो

माझ्या मुलीच्या लग्नाचा अल्बम आठ महिन्यांनी आला. मी विचारलं की 'काकू, पुढच्या आठवड्यात' हे उत्तर ठरलेलं. मी चिडले, चार जणांना सांगितलंही. पुढे कळलं की त्यातले पाच महिने अडचण आमच्याच घरी होती. तीन हजार फोटोंतून अल्बमसाठी निवडायचे होते, मुलगी सासरी, जावई बंगळुरूला आणि पेनड्राइव्ह माझ्या कपाटात. त्या फोटोग्राफरने हे स्पष्ट सांगितलंच नाही, बहुधा भिडेपोटी. आणि मी त्याचं नाव खराब करत राहिले.

या व्यवसायातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं, आणि पुढच्या ऑर्डरी इथेच मिळतात किंवा जातात. दर पंधरा दिवसांनी एक निरोप पुरतो, काही पुढे सरकलं नसेल तरीसुद्धा. निवडीची शेवटची तारीख सांगा. ती उलटली तर तीन हजारांतून तुम्हीच दीडशे निवडून पाठवा आणि 'यातले नको ते सांगा' म्हणा. नको ते सांगणं लोकांना सोपं जातं.

आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात. बरेच जण ते चार महिने कसेबसे काढतात. खरं तर तेव्हाच गुगलची नोंद भरता येते, जुन्या घरांकडून अभिप्राय मागता येतात आणि दुसरं गिऱ्हाईक शोधता येतं. सांगलीची हळद आणि बेदाणा, मिरजेची सतार, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते विकणाऱ्या कित्येक छोट्या व्यापाऱ्यांकडे आपल्या मालाचा एक धड फोटो नसतो. पाचगणी-वाईकडच्या घरगुती मुक्कामाच्या जागांचंही तेच. त्यांच्याशी बोलतानाही रीत हीच. त्यांच्या गिऱ्हाइकाला काय दिसत नाही, ते आधी विचारा.

माझा विद्यार्थी यंदाच्या आषाढात वही घेऊन बसला तेव्हा निवड बाकी असलेली एकोणीस घरं निघाली. त्याने एकोणीस निरोप पाठवले: 'काकू, अल्बम आमच्याकडून तयार व्हायला वीस दिवस लागतात, फक्त फोटोंची निवड तुमच्याकडे आहे. मीच दीडशे काढून पाठवू का?' पहिलं उत्तर ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) भागातल्या एका घरातून तासाभरात आलं. 'पाठवा. आणि आमच्या थोरल्या जाऊबाईंचा एक तरी घ्या, त्या आता नाहीत.'